चार सायकली आणि एक टो-बॉल: गाडीमागचा रॅक निवडताना

आजचा भाग थोडा लांब आहे, त्यामुळे इयरफोन नीट लावा आणि भांडी घासायची असतील तर ती घ्या समोर. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून टाकतेय. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्चुअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.

विषय आहे गाडीच्या टो-बारवर बसणारा सायकल रॅक. आम्ही लीड्सला राहतो. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा धाकटा. चौघांकडे चार माउंटन बाइक. इथून डाल्बी फॉरेस्ट दीडेक तासावर आहे. ए-६४ धरायचा, यॉर्क ओलांडायचं, माल्टन, पिकरिंग, आणि मग जंगल. तिथे २०१० आणि २०११ मध्ये माउंटन बाइकचे वर्ल्ड कप झाले होते, पण घाबरू नका, सात वर्षांच्या पोराला जमतील असे सोपे ट्रेलही आहेत. अडचण एकच, चार सायकली तिथवर न्यायच्या कशा?

आणि यात घाई का, तेही सांगते. लेक अकराची आहे. आत्ता ती रविवारी सकाळी आमच्याबरोबर यायला तयार होते. अजून दोन-तीन वर्षांनी होईल का? मला तरी खात्री नाही. त्यामुळे 'पुढच्या उन्हाळ्यात बघू' म्हणण्यात अर्थ नव्हता.

आधी पर्याय पटकन उरकते. छतावरचा रॅक स्वस्त पडतो, पण पंधरा किलोची सायकल डोक्यावर उचलायची, आणि मी पाच फूट दोन इंच. शिवाय गाडीची उंची वाढते. बऱ्याच पार्किंगमध्ये दोन मीटरच्या आसपास आडवी दांडी असते आणि दिवसभर दमलेल्या माणसाला छतावर सायकल आहे हे आठवत नाही. दुसरा प्रकार म्हणजे डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. एक-दोन हलक्या सायकलींना ठीक आहे. माउंटन बाइकला नाही. हँडल रुंद, पेडल टोकदार, पट्टे सैल होतात, रंगावर ओरखडे येतात, आणि नंबर प्लेट आणि दिवे झाकले जातात ते वेगळंच. म्हणून टो-बार.

टो-बार म्हणजे गाडीच्या मागे बंपरखालून निघणारा लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला गोळा. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटर व्यासाचा असतो. रॅक त्या एका गोळ्यावर चिमट्यासारखा बसतो. सगळं वजन, सगळे हादरे, सगळं त्या एका गोळ्यावर.

इथेच एक गोष्ट लक्षात घ्या, कारण आपण सगळे यूट्यूबवर शिकणारे. सायकल रॅकचे निम्मे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे गाडीच्या मागे चौकोनी पोकळ नळी असते, दोन इंची, आणि रॅकची दांडी तिच्यात घुसते. तो रॅक वेगळा, आपला वेगळा. 'बेस्ट रॅक' असा व्हिडिओ बघून मन बसतं आणि मग कळतं की तो आपल्या गोळ्यावर बसतच नाही. व्हिडिओ सुरू झाला की आधी गाडीच्या मागे काय आहे ते बघा, गोळा की चौकोन.

ब्रिटनमध्ये आणखी एक घोळ आहे. इथे टो-बारचे दोन प्रकार दिसतात. एक हंसाच्या मानेसारखा, म्हणजे एकाच लोखंडाचा वळलेला हात आणि टोकाला गोळा. दुसरा फ्लॅंज, म्हणजे उभ्या पट्टीवर दोन बोल्टने बसवलेला गोळा. कॅरॅव्हॅन ओढायला दोन्ही चालतात. पण रॅकच्या चिमट्याला गोळ्याखाली मोकळी मान लागते, आणि फ्लॅंजच्या गोळ्याला ती नेहमी पुरेशी नसते. नवीन टो-बार बसवणार असाल तर हंसमानेचाच घ्या, आणि परवडत असेल तर काढता येणारा. नसलेल्या दिवशी नडगी वाचते. जुनी गाडी घेतली असेल आणि फ्लॅंज आधीच असेल, तर रॅकच्या माहितीपुस्तिकेत तो चालतो का ते बघून मगच पैसे द्या. गोळा लोखंडी आहे ना हेही बघा, कारण अॅल्युमिनियमच्या गोळ्यावर रॅक लावू नका असं अनेक कंपन्या स्पष्ट लिहितात.

आता मुख्य मुद्दा. वजन.

टो-बारवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर बरेच आकडे असतात, त्यातला आपल्या कामाचा आकडा 'एस' नावाचा. गोळ्यावर वरून खाली किती वजन टाकायचं, त्याची मर्यादा. किलोमध्ये. गाडीच्या पुस्तकातही असाच आकडा असतो. दोन्ही बघायचे आणि जो लहान असेल तो आपला. लहान हॅचबॅकला तो ५० असू शकतो, आमच्यासारख्या घरगुती गाड्यांना बरेचदा ७५, मोठ्या एसयूव्हीला १०० किंवा जास्त. आमचा ७५.

लक्षात ठेवा, गाडी दीड टन ओढू शकते आणि गोळ्यावर ७५ किलो पेलू शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात विक्रेता म्हणतो, 'अहो, ही गाडी कॅरॅव्हॅन ओढते, चार सायकलींचं काय घेऊन बसलात!' आम्हाला अगदी असंच सांगितलं एका दुकानात. कॅरॅव्हॅनचं वजन तिच्या स्वतःच्या चाकांवर असतं. सायकलींना रॅकवर चाकं आहेत, पण ती हवेत आहेत.

मग मी घरी आले आणि बाथरूममधला वजनकाटा काढला. पद्धत सोपी आहे. आधी स्वतः उभं राहायचं, मग सायकल हातात धरून उभं राहायचं, फरक म्हणजे सायकल. (स्वतःचा आकडा मोठ्याने वाचायची गरज नाही.) नवऱ्याची फुल सस्पेन्शन १५.५ किलो. माझी हार्डटेल १४. लेकीची २४ इंची चाकांची, पुढे सस्पेन्शन, १२. धाकट्याची २० इंची, ८.५. एकूण बरोबर ५० किलो.

नवरा खूश. 'बघ, ५० आणि मर्यादा ७५.'

रॅकचं वजन कोण धरणार? आम्ही बघत होतो त्या चार सायकलींच्या रॅकचं स्वतःचं वजन होतं २७ किलो. ५० आणि २७, ७७.

'अगं, दोनच किलो जास्त आहेत.'

'ते खड्ड्याला सांग.'

घरात यावरून दोन दिवस हसून-रुसून चर्चा झाली. त्याचं म्हणणं, कंपन्या मर्यादा लिहिताना थोडी सूट ठेवतातच. ठेवत असतील. पण ती सूट खड्ड्यासाठी, ब्रेकसाठी, स्पीड ब्रेकरसाठी ठेवलेली आहे, माझ्या सोयीसाठी नाही. गाडी उसळते तेव्हा गोळ्यावर ७७ किलो नसतात, त्याच्या कितीतरी पट ओढ क्षणभर येते. शिवाय चौथी सायकल गोळ्यापासून जवळजवळ पाऊण-एक मीटर मागे असते. बादली हाताजवळ धरली तर उचलते, हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खांदा भरून येतो. तसंच. म्हणून काही गाड्यांच्या पुस्तकांत सायकल रॅकसाठी वेगळी, कमी मर्यादाही लिहिलेली असते. तीही शोधा.

आणि एक साधा विचार. ए-६४ वर मागून येणाऱ्या गाडीतही कुणाची तरी पोरं बसलेली असतात. रॅक सुटला तर तो आपल्या अंगावर पडत नाही.

मग मी गणित पुढे ढकललं. दोन वर्षांनी काय? धाकटा ताईची २४ इंची घेणार, १२ किलो. ताईला मोठी सायकल लागणार, साधारण १३.५. म्हणजे १५.५, १४, १३.५, १२, झाले ५५. अधिक २७, ८२. म्हणजे चार सायकलींचा रॅक आमच्या या गाडीला आजही बसत नाही आणि उद्याही नाही. तिथे त्याने हात टेकले.

आम्ही तीन सायकलींचा घेतला. रॅक २१ किलो, तीन मोठ्या सायकली ४१.५, एकूण ६२.५. धाकट्याची सायकल पुढचं चाक काढून डिकीत आडवी, खाली जुनी चादर. डिकीत जागा कमी होते, खरं आहे, डब्याची पिशवी लेकीच्या पायाशी जाते. ती कुरकुरते. चालायचंच.

ई-बाइकवाल्यांसाठी. इलेक्ट्रिक माउंटन बाइक सहज २२ ते २५ किलोची असते. तिची बॅटरी काढून गाडीत ठेवा, तीन-चार किलो तिथेच कमी होतात. पण मग रॅकची दुसरी मर्यादा बघावी लागते. एकूण किती किलो, आणि एका पट्टीवर किती किलो. अनेक रॅकवर गाडीजवळच्या पट्टीला ३० किलो चालतात, सगळ्यात बाहेरच्या पट्टीला त्याहून कमी. म्हणजे तीन मर्यादा झाल्या: गाडीची, टो-बारची, रॅकची. सगळ्यात लहान असेल ती पाळायची. आणि सगळ्यात जड सायकल नेहमी गाडीला चिकटून.

आता रॅकचा प्रकार. एक असतो टांगायचा, दोन हात बाहेर आलेले आणि सायकली वरच्या नळीवर लोंबकळतात. स्वस्त, हलका, घडी छान होते. माउंटन बाइकला घेऊ नका. आपल्या सायकलींची वरची नळी तिरकी असते, फुल सस्पेन्शनला मध्येच शॉक येतो, आणि लहान मुलांच्या सायकलीत टांगायला जागाच नसते. शिवाय झोके घेत एकमेकींना घासत राहतात. दुसरा प्रकार प्लॅटफॉर्म. सायकल स्वतःच्या चाकांवर उभी राहते, चाकांना पट्टे आणि फ्रेमला एक पकड. हाच घ्यायचा.

प्लॅटफॉर्म घेताना दुकानात टेप घेऊन जा. खरंच. दोन चाकांच्या मधल्या अक्षांमधलं अंतर मोजा. आजकालच्या २९ इंची सायकली लांब झाल्यात, मोठ्या मापात हे अंतर १२५ सेंटिमीटरच्या आसपास जातं. काही जुन्या रॅकच्या पट्ट्या तिथे कमी पडतात आणि मागचं चाक अर्धं हवेत राहतं. टायरची रुंदी बघा, २.४ किंवा २.६ इंची टायर असेल तर चाकाचा पट्टा पुरतो का ते लावून बघा. फ्रेमची खालची नळी जाड असेल तर पकड तिच्याभोवती बंद होते का? चांगल्या पकडी ८० मिलिमीटरपर्यंत घेतात.

कार्बनची फ्रेम असेल तर जास्त काळजी. कार्बन ओढीला मजबूत आणि चिमट्याला हळवा. ठरावीक दाबानंतर खटकन सुटणाऱ्या मुठीची पकड घ्या, मध्ये रबराचा तुकडा ठेवा, किंवा सरळ चाकालाच धरणारा रॅक बघा. आणि हो, गाडीचा सायलेन्सर मागच्या बाजूला कुठे तोंड काढतो तेही पाहा. काही गाड्यांत तो नेमका पहिल्या सायकलीच्या टायरवर फुंकर घालतो. रबर आहे ते, तापणारच.

मुलांच्या सायकलींचा त्रास वेगळा. चाकं लहान, अंतर कमी, फ्रेम खाली. पकडीचा हात तिथवर वाकून पोचत नाही. आमच्या रॅकचे तिन्ही हात वेगवेगळ्या लांबीचे आहेत आणि सुटे होतात, त्यामुळे लेकीच्या सायकलीला सगळ्यात लांब हात लावतो. हे घेण्याआधी लेकीची सायकल दुकानात नेऊन बसवून बघितली. दुकानदार जरा वैतागला. वैतागू दे. तिन्ही सायकली एकदम चढवून बघा, कारण एकेक बसते आणि तिन्ही बसत नाहीत असं होतं. हँडल ७८०-८०० मिलिमीटर रुंद असतात, ते शेजारणीच्या सीटमध्ये घुसतं. एक सायकल उजवीकडे तोंड करून, दुसरी डावीकडे. ड्रॉपर सीटपोस्ट असेल तर सीट खाली दाबा. निम्मी भांडणं तिथे मिटतात.

कायद्याचं. इथे युनायटेड किंग्डममध्ये मागची नंबर प्लेट झाकली गेली तर रॅकवर गाडीच्याच नंबरची, नियमातली पिवळी प्लेट लावावी लागते. कार्डबोर्डवर मार्करने लिहिलेली चालत नाही. चुकीच्या प्लेटला १,००० पाउंडांपर्यंत दंड आहे. प्लेट नोंदणीकृत विक्रेत्याकडून घ्यायची, गाडीचे कागद दाखवून. दिवेही दिसले पाहिजेत, म्हणून प्लॅटफॉर्म रॅकवर स्वतःचा दिव्यांचा संच असतो आणि त्याचा प्लग गाडीच्या सॉकेटमध्ये जातो. सॉकेट दोन जातींचे, जुने ७ पिनचे आणि नवे १३ पिनचे. अडॅप्टर मिळतो, पण ७ पिनच्या साध्या सॉकेटवर रॅकचा रिव्हर्स दिवा लागत नाही.

टो-बार बसवताना फिटर विचारेल, वायरिंग साधं हवं की गाडीसाठी खास बनवलेलं? खास महाग पडतं. पण बऱ्याच नव्या गाड्यांत मागचे पार्किंग सेन्सर असतात, काहींत मागे काही दिसलं की गाडी आपोआप ब्रेक मारते. खास वायरिंगमुळे रॅक जोडलाय हे गाडीला कळतं आणि ती गप्प बसते. साध्यात ती रिव्हर्सला अखंड किंचाळते. मी पैसे तिथे घातले आणि मला ते पटलेत. गाडी लीजवर असेल तर भोक पाडण्याआधी परवानगी घ्या, एवढं सांगायला नको.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर 'ही गाडी काहीच ओढत नाही' एवढं ऐकून मागे फिरू नका. काही मॉडेलना ट्रेलर ओढायची परवानगी नसते, पण गोळ्यावर रॅकचं वजन घ्यायची असते. पुस्तकात वेगळी ओळ असते.

सुट्टीत गाडी घेऊन स्पेन किंवा इटलीला जाणार असाल, तर तिथे मागे बाहेर आलेल्या सामानावर लाल-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची ५० बाय ५० सेंटिमीटरची पाटी लागते. फेरीवर चढण्याआधी घेऊन ठेवा.

किमतीचं ढोबळ सांगते. चांगला तीन सायकलींचा प्लॅटफॉर्म रॅक चारशे ते आठशे पाउंडांत जातो. टो-बार आणि वायरिंग बसवून घेण्याचे आणखी काही शे वेगळे. म्हणजे रॅक स्वस्त वाटतो तो टो-बार आधीच असलेल्यांना. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण किल्ल्या दोन्ही मागा, पट्टे तपासा, दिवे लावून बघा, आणि त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का ते विचारा. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर भाड्याने मिळतो का तेही बघा.

घडी होणाऱ्या रॅकला थोडे जास्त पैसे पडतात. आमचं घर म्हणजे रांगेतलं जुनं टेरेस, तळघराचा जिना अरुंद. घडी होत नसती तर हा रॅक बैठकीत सोफ्याशेजारी पाहुण्यासारखा बसला असता. आणि २१ किलो उचलणार कोण, हेही ठरवा. एकट्याने चढवता येतो का, दुकानात स्वतः उचलून बघा, विक्रेत्याला उचलायला लावू नका. तो रोज उचलतो. सायकली चढवलेल्या असताना डिकी उघडता यावी म्हणून रॅक पायाने दाबून मागे झुकतो, ती सोय घ्याच. आमची धाकटी सायकल डिकीत असते, त्यामुळे आम्हाला तर पर्यायच नाही.

लावताना गोळा कोरडा आणि स्वच्छ हवा. ट्रेलरच्या गोळ्याला लोक ग्रीस लावतात, रॅकला ते उलट घातक, कारण चिमटा घर्षणावरच बसलेला असतो. लीव्हर बंद करायला जोर लागला पाहिजे. एका बोटाने बंद झाला तर नीट घट्ट केलेला नाही. मी पाण्याच्या बाटल्या, पंप, छोटे दिवे सगळे काढते, आणि सायकलींवर कव्हर घालून कधीच निघत नाही, त्याचं शीड होतं. पहिल्या दहा मैलांवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढून बघते. डाल्बीला जाताना आमचा हा थांबा यॉर्कच्या बाहेर असतो, कॉफीचं निमित्त. एकजण गाडीपाशी थांबतो. रॅकची कुलपं चोराला थोडा उशीर करतात, एवढंच त्यांचं काम.

आता शेवटी, पुण्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता, की दादा-वहिनी दोघं ताम्हिणीला सायकली नेतात, तिकडे टो-बारचा रॅक मागवू का? मित्रा, तुझी अडचण रॅकची कमी आणि नंबर प्लेटची जास्त आहे. भारतात १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी प्लेट कंपनीकडूनच येते, प्रत्येक प्लेटला लेझरने कोरलेला स्वतःचा नंबर असतो. इथल्यासारखी दुकानात जाऊन तिसरी प्लेट बनवून रॅकवर लावायची, असं ते प्रकरण नाही. प्लेट झाकली की पोलिस थांबवणार. दोनच सायकली आहेत ना? मागची सीट पाडा, पुढची चाकं काढा, सायकली आत आडव्या घाला. नाहीतर छतावर. घाटात खड्डे आहेत, उंच दांडीचं पार्किंग नाही, छत चालेल. फक्त तुझ्या गाडीच्या पुस्तकात छतावर किती किलो चालतात तो आकडा बघ आणि रॅकच्या दांड्यांचं वजन त्यात धर.

पुढच्या भागात मुलांच्या सायकलीचे ब्रेक, लहान हाताला लीव्हर जवळ कसा आणायचा ते. प्रश्न असतील तर मेसेज पाठवा, आणि शक्यतो गाडीचं मॉडेल आणि 'एस'चा आकडा आधी लिहा, म्हणजे मला उलट विचारावं लागणार नाही. भेटू.